फाइल चढवली, पण उघडली का?

संपादक महोदय,

गणिताच्या सॉफ्टवेअरमधल्या फाइली वेबवरून विद्यार्थ्यांना देणे आता अंगवळणी पडले आहे. ‘सर, फाइल उघडत नाही’ हेही तितकेच. खापर विद्यार्थ्याच्या फोनवर फुटते. चूक बहुतेकदा फाइल ठेवणाऱ्याची असते.

मॅथेमॅटिका या गणिती सॉफ्टवेअरची फाइल, म्हणजे नोटबुक, हा मुळात साधा मजकूर. फाइल कोणत्या प्रकारची, हे ब्राउझरला सर्व्हर, म्हणजे फाइल जिथे ठेवली तो वेबवरचा संगणक, सांगतो. सर्व्हरलाच ते ठाऊक नसेल, तर आलेखाऐवजी पडद्यावर कंसांचा आणि आकड्यांचा ढीग दिसू शकतो. आकृत्या काढण्याच्या जिओजेब्राचे उलटे: तिची जीजीबी फाइल आतून झिप, म्हणजे अनेक फाइलींचे एक गाठोडे असते, आकृतीची माहिती त्यातल्या एका एक्सएमएल फाइलमध्ये. म्हणून कधी ती झिप म्हणून उतरते आणि विद्यार्थी ती सोडवून आतले तुकडे बघत बसतो. तिथे न सोडवता नावाचे शेपूट (बिंदूनंतरची अक्षरे) पुन्हा जीजीबी केले की काम भागते. कायमचा उपाय म्हणजे सर्व्हरवर त्या शेपटाचा प्रकार नोंदवणे. अपाचे या सर्व्हरच्या सॉफ्टवेअरवर त्याला एक ओळ पुरते. तो अधिकार नसेल, तर धड्याच्या सगळ्या फाइली एकाच झिपमध्ये बांधून द्याव्यात.

फाइलचे नाव देवनागरीत द्यावेसे वाटते, पण लिंकमध्ये ते जड जाते. ‘वर्तुळ’ हा शब्द संगणकासाठी सहा चिन्हांचा. प्रत्येक चिन्हाला तीन बाइट, आणि लिंकमध्ये प्रत्येक बाइटचे टक्क्याच्या खुणेसह तीन अक्षरांत रूपांतर. म्हणजे ५४ अक्षरे. अशी लिंक निरोपातून पाठवताना मध्येच तुटली की संपले. नाव रोमन लिपीत, सगळी लहान अक्षरे, मधे मोकळी जागा नाही. लहान-मोठ्या अक्षरांचा फरक विंडोज सहसा मानत नाही, लिनक्स सर्व्हर मानतो. घरी चालणारी लिंक तिथे ‘सापडत नाही’ म्हणते ती यामुळे.

सर्वांत फसवी ज्युपिटर नोटबुक, म्हणजे मजकूर, प्रोग्रॅम आणि त्याची उत्तरे एकत्र ठेवणारी फाइल. ती सेल नावाच्या चौकटींची बनते. एखाद्या सेलमध्ये चलाला किंमत दिली आणि नंतर तो सेल पुसला, तरी किंमत स्मरणात राहते. शिक्षकाकडे उत्तर बरोबर येते, विद्यार्थ्याकडे पहिल्याच फटक्याला ‘चल अज्ञात’. म्हणून चढवण्यापूर्वी कर्नल (सेल चालवणारा आणि किमती लक्षात ठेवणारा प्रोग्रॅम) नव्याने सुरू करून सगळे सेल वरून खाली एकदा चालवावेत. विदा फाइलचा पत्ता स्वतःच्या सी ड्राइव्हचा नको. ती फाइल नोटबुकशेजारीच ठेवावी. आलेखांची चित्रे नोटबुकमध्ये मजकुराच्या रूपात साठतात आणि सुमारे एक तृतीयांशाने फुगतात. तेव्हा चालवायची प्रत उत्तरे पुसून द्यावी आणि सोबत उत्तरांसह पीडीएफ ठेवावी. फोनवर निदान वाचता तरी येते.

शेवटी लिंक ब्राउझरच्या खासगी खिडकीत, खात्यातून बाहेर पडून उघडून पाहावी. गूगल ड्राइव्हवरची परवानगी ‘फक्त मला’ अशी राहिली असेल, तर ते तिथेच कळते.

– गणिताचा एक शिक्षक