आई-बाबा, हे फोनवर सांगवेना

प्रिय आई-बाबा,
सा. न.

फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी नुसतं "बरं" म्हणून फोन आईकडे दिला असता आणि रात्रभर छताकडे बघत पडले असते. म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे. समीरचा आणि माझा जर्मन नागरिकत्वाचा अर्ज मंजूर झाला. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, तेव्हा आपला पासपोर्ट वकिलातीत जमा करावा लागेल. रद्द केल्याचा शिक्का मारून तो परत देतात आणि तो माझ्याच कपाटात राहील. आई, त्याच्या शेवटच्या पानावर तुम्हा दोघांची नावं आहेत, साताऱ्याचा पत्ता आहे. इथल्या पासपोर्टवर आईवडिलांची नावं नसतात. त्याचं मला फार वाईट वाटलं, ते तुमच्यापासून लपवत नाही.

आता कारण. इथल्या कायम वास्तव्याच्या परवान्यावर सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं की तो परवानाच जाऊ शकतो. बाबांना स्टेंट बसवला तेव्हा मी परतीच्या विमानात हाच हिशोब करत होते, की पुन्हा काही झालं आणि मला वर्षभर तुमच्याजवळ राहावं लागलं तर? नागरिक झाल्यावर ती भीती नाही. आणि ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते, काढलं की भारतात हवं तितकं राहता येतं, व्हिसा नको, पोलिसांकडे नोंद नको. मतदान करता येणार नाही आणि नवीन शेतजमीन विकत घेता येणार नाही, एवढंच. गावचं शेत वारसाहक्काने येतं, त्याला धक्का नाही. काकांनी काही वेगळं सांगितलं तर ऐकू नका, मी वकिलाला विचारलं आहे.

नागरिकत्वाच्या परीक्षेबद्दल बाबा विचारणारच. ३३ प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, ६० मिनिटं, १७ बरोबर आले की पास. प्रश्नसंच आधीच जाहीर असतो. पेपर समोर आला आणि मला आपली बैठकीची खोली आठवली. ३ जुलै २००० ला करोडपती सुरू झालं आणि त्या वर्षी रात्री नऊनंतर आपल्याकडे कुणी फोन केलेला बाबांना चालायचा नाही. हर्षवर्धन नवाथेंच्या एक कोटीच्या प्रश्नाला बाबा त्यांच्याआधी "अ‍ॅटर्नी जनरल!" म्हणून ओरडले आणि मांडीवरचं ताट उलटलं. मुंबईचा मराठी मुलगा जिंकला म्हणून आईने साखर वाटली होती.

तोच खेळ इथे 'वेर विर्ड मिलियोनेर' या नावाने १९९९ पासून चालू आहे आणि सूत्रसंचालक तेव्हापासून एकच, ग्युंटर याउख. मूळ कार्यक्रम ब्रिटनचा, १९९८ चा. खुर्ची तशीच, उत्सुकता वाढवणारं संगीतही तसंच. पण बाबा, आपल्याकडे स्पर्धक बसला की आधी त्याचं घर, त्याची आई, गाव, कर्ज दाखवतात. बबिता ताडे आठवतात ना? अमरावती जिल्ह्यातल्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या, २०१९ मध्ये एक कोटी जिंकलेल्या. आई, तू पदराने डोळे पुसत बघत होतीस. इथे तसं नाही. याउख स्पर्धकाची थट्टा करतो, स्पर्धक त्याला उलट बोलतो, पैशांचं काय करणार विचारलं की सरळ सांगतात, स्वयंपाकघर नवीन करायचं आहे. सुरुवातीला मला हे कोरडं वाटायचं. आता त्यातला मोकळेपणा आवडतो.

इथे चौथी लाइफलाइनही घेता येते, पण मग १६,००० युरोची सुरक्षित पायरी सोडावी लागते आणि चुकलात तर ५०० वर घसरता. ती लाइफलाइन म्हणजे प्रेक्षकांतला एखादा माणूस. ज्यांना उत्तर येतं ते उभे राहतात, स्पर्धक एकाला निवडतो, त्याचं उत्तर बरोबर आलं तर त्यालाही ५०० युरो. बाबांना ही पद्धत फार आवडली असती. फ्रान्समध्ये एकाने प्रेक्षकांचा कौल घेतला होता, पृथ्वीभोवती काय फिरतं? निम्म्याहून जास्त लोकांनी सूर्य सांगितलं आणि बिचारा तिथेच हरला. आणि जपानचा सूत्रसंचालक मिनो मोंता उत्तर बरोबर की चूक हे सांगण्याआधी इतका वेळ नुसता टक लावून बघत राहायचा की बघणाऱ्याचं बीपी वाढेल. बाबांनी ते व्हिडिओ शोधायचे नाहीत.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. इथे घरी बघताना मला ६४,००० चा प्रश्न यायचा आणि ५० युरोचा यायचा नाही. वरचे प्रश्न भूगोलाचे, विज्ञानाचे, ते बाबांनी घोटून घेतलेले. खालचे पाच म्हणजे इथल्या म्हणी, शब्दांच्या गमती, लहान मुलांची गाणी. जे इथल्या घरात वाढले त्यांना ते हसत हसत येतात. आई, हिंदी करोडपतीला तू गप्प असायचीस आणि सचिन खेडेकरांचं 'कोण होईल मराठी करोडपती' २०१३ मध्ये लागलं तेव्हा पहिली उत्तरं स्वयंपाकघरातून तूच द्यायचीस, म्हणी, सणवार, अभंग. तेव्हा मला तुझ्याबद्दल जो अभिमान वाटला तो मी कधी बोलून दाखवला नाही. देश कळतो तो त्या पहिल्या पाच प्रश्नांत, असं माझं पक्कं मत झालंय. आमच्या ईराला इथले पाचही येतात. आपले येत नाहीत, आणि मला रात्री झोप न लागण्याचं खरं कारण पासपोर्ट नसून हे आहे.

अमेरिकेत १९९९ मध्ये जॉन कारपेंटर पहिला करोडपती झाला, म्हणजे दहा लाख डॉलर. शेवटच्या प्रश्नाला त्याने वडिलांना फोन लावला. मदत नको होती, उत्तर त्याला येत होतं. मी जिंकणार आहे एवढंच सांगायचं होतं. बाबा, मलाही निर्णय तुम्हाला आधी सांगायचा होता, पण मंजुरी येईपर्यंत तुमच्या जिवाला घोर नको म्हणून थांबले. मला तुमचं "हो" हवं आहे. नुसतं "बरं" नको.

आता ऐका. दर रविवारी फोनवर बाबांनी ईराला पाच प्रश्न विचारायचे, मराठीतून, सोपेच. कोजागरीला काय पितात, नाच रे मोरा कुणाच्या वनात, असे. ती चुकली तरी लगेच उत्तर सांगायचं नाही, आणि आईने मागून कुजबुजायचं नाही. करोडपती बघत जेवायचं नाही, आठला जेवून मग टीव्ही. रात्रीची गोळी बाबांनी स्वतः घ्यायची, आईने हातात द्यायची वाट बघत बसू नये. गीझरवाला सोमवारी येईल, त्याचे पैसे मी भरले आहेत. माळ्यावरचं काही काढायला आईने स्टुलावर चढायचं नाही, वंदनाताईंना सांगायचं. रात्री सोबतीला यायला त्या तयार आहेत. त्यांना नाही म्हणू नका, ठरलंय.

मे महिन्यात आम्ही येतोय, ईराची सुट्टी लागली की लगेच. आई, आंबे आधीपासून आणून ठेवू नकोस, आल्यावर मंडईत तिघी मिळून जाऊ.

तुमची,
मनू