सोनं खोटंच निघालं!

गेल्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी केर काढताना सोफ्याखालून मूठभर ‘सोनं’ निघालं, सुकून कुरकुरीत झालेलं. पानं जरा मोठीच वाटली म्हणून निरखून पाहिली, तर ती आपट्याची नव्हेत, कांचनाची! दोन्ही झाडं एकाच कुळातली, दोघांचंही पान जोडपान, त्यामुळे बाजारात सर्रास खपून जातं. आपट्याचं पान लहान, जाडसर आणि लांबीपेक्षा रुंदीला जास्त असतं. फांद्या ओरबाडून आणलेल्या त्या जुड्या आम्हीच घासाघीस करून घेतो, तेव्हा विकणाऱ्याला तरी काय बोलणार? यंदा सासूबाईंनी फर्मान काढलं : देवापुढे एकच पान. आल्यागेल्याच्या हातावर गेल्या वर्षीच्या तोरणातल्या झेंडूचं वाळवलेलं बी. शेजारचे काका मात्र ते बडीशेप समजून तोंडात टाकणारच होते!

– एक गृहिणी, ठाणे