ड्रायवॉलचा फाटलेला कागद: काका, तुमचे मनापासून आभार

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

न्यू जर्सीत घरदुरुस्तीची कामं करणाऱ्या आम्हा मंडळींना ड्रायवॉलची खरी ओळख तुम्ही करून दिलीत. त्याबद्दल हे जाहीर आभारपत्र. जाहीर अशासाठी, की तुम्ही शिकवलेलं सगळं एका डब्यावर छापलेलं मिळत नाही आणि भारतातून येऊन इकडे पहिलं घर घेणारी माणसं नेमकी तिथेच अडतात.

आपल्याला सवय विटांच्या भिंतींची आणि सिमेंटच्या गिलाव्याची. डागडुजीआधी भिंतीवर पाणी मारायचं, हे आपल्या हातात भिनलेलं असतं. इथल्या घरांच्या आतल्या भिंती मात्र ड्रायवॉलच्या. ड्रायवॉल म्हणजे साधारण अर्धा इंच जाडीचा जिप्समचा थर आणि त्याच्या दोन्ही बाजूंना कागद. वरचा कागदही एकसंध नसतो, पातळ थर एकमेकांना चिकटवून केलेला असतो. जुना वॉलपेपर ओरबाडला किंवा मास्टिकने (घट्ट धरणाऱ्या जाड गोंदाने) चिकटवलेला आरसा उपटला, की वरचे थर निघून येतात आणि आतला तपकिरी, लव असलेला कागद उघडा पडतो. त्यावर थेट जॉइंट कंपाउंड (ड्रायवॉलचे सांधे आणि खड्डे भरायची लुकण) किंवा लॅटेक्स, म्हणजे पाण्यातला, रंग लावला, की त्यातलं पाणी कागद पितो, थर सुटतात आणि फुगे येतात. मग लोक त्यावर आणखी एक हात मारतात, म्हणजे आणखी पाणी. ‘फुगा दाबायचा नसतो, कापायचा असतो,’ हे तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलंत. त्यासाठी तर विशेष आभार.

कापायचं कसं, हेही तुम्हीच दाखवलंत. कटरला नवं पातं लावायचं. फाटलेल्या भागाच्या थोडं बाहेरून, चांगल्या कागदावर रेघ मारायची. पातं कागदापुरतंच जाऊ द्यायचं, जिप्सममध्ये खोल नाही. मग सुटलेला कागद रेघेपर्यंत सोलायचा. रेघ न मारता ओढलं तर पट्टी सरळ धडधाकट भिंतीवर पळत जाते आणि हाताएवढं काम दारापर्यंत पोचतं. त्यानंतर १५० नंबरच्या सँडपेपरने फक्त उभी राहिलेली लव काढायची, घासून खड्डा करायचा नाही. धूळ व्हॅक्यूमने ओढून घ्यायची, कारण धुळीवर लावलेला सीलर (उघडा कागद बांधून ठेवणारा पहिला हात) धुळीलाच चिकटतो.

सीलरच्या बाबतीत तुमचा आग्रह आम्हाला सगळ्यात मोलाचा वाटतो. नव्या ड्रायवॉलवर चालणारा स्वस्त पीव्हीए प्रायमर इथे चालत नाही, तो कागद भिजवतो आणि बांधत मात्र नाही. झिन्सर कंपनीचा गार्ड्झ हा सीलर किंवा तेलाचा अथवा शेलॅकचा (लाखेचा) प्रायमर हवा. गार्ड्झही पाण्यातलाच आहे, पण तो तंतूंत मुरतो आणि वाळल्यावर कागद कडक करतो. तो पाण्यासारखा पातळ असल्याने ओघळतो, म्हणून रोलरवर थोडाच घ्यायचा, खाली प्लास्टिक अंथरायचं आणि ओघळ लगेच टिपायचे. तपकिरी भागाच्या बाहेर दोनेक इंच जायचं. तेलाचा किंवा शेलॅकचा प्रायमर वापरला तर खिडक्या उघड्या ठेवायच्या आणि जवळपास गॅसच्या उपकरणातली पायलटची (सतत पेटती ठेवलेली छोटी) ज्योत जळत नाही ना, हे आधी बघायचं.

पूर्ण वाळल्यावर तळहात फिरवून पाहायचं. लव ताठ होऊन टोचत असेल तर २२० नंबरने हलकेच उतरवायची, तिथे पुन्हा सीलर द्यायचा. भिंतीला समांतर टॉर्च धरला की राहिलेला बारीक फुगाही दिसतो. तो आत्ताच कापून सील करायचा.

कंपाउंडची वेळ त्यानंतर. पहिला हात लुकण ओढायच्या ६ इंची रुंद पात्याने, घट्ट ओढून. यासाठी पावडरचं, सेट होणारं कंपाउंड आम्हाला आवडतं, कारण ते कमी आकसतं. पिशवीवरचा ४५ किंवा ९० हा आकडा म्हणजे ते साधारण किती मिनिटांत घट्ट होईल ते. तेवढ्या वेळात संपेल इतकंच कालवायचं. भांड्यात आधीचे कडक कण राहिले तर नवा घाणा त्याहूनही लवकर आवळतो, म्हणून प्रत्येक वेळी भांडं स्वच्छ धुवायचं. पुढचे हात तयार, हलक्या कंपाउंडचे, १० आणि मग १२ इंची पात्याने, दरवेळी कडा बाहेर नेत. फाटलेला कागद कितीसा जाड? खड्डा उथळच असतो, जास्त माल भरला तर भिंतीवर उंचवटा दिसतो. शेवटी घासून, धूळ काढून प्रायमर द्यायचा. तो टाळला तर रंगातून ठिगळाची चकाकी वेगळी दिसते. मग रंगाचे दोन हात, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत.

दोन ठिकाणी मात्र तुम्ही आमचा हात धरलात. जिप्सम ओलं, मऊ किंवा बुरशी आलेलं असेल तर सीलर लावत बसायचं नाही, तुकडा कापून नवा बसवायचा. आणि घर जुनं असेल तर सँडपेपर हातात घेण्याआधी तपासणी करून घ्यायची. अमेरिकेत घरांसाठी शिशाच्या रंगावर १९७८ मध्ये बंदी आली आणि ॲसबेस्टस असलेल्या पॅचिंग कंपाउंडवर १९७७ मध्ये. त्याआधीच्या भिंती कोरड्या घासणं म्हणजे घरातल्या मुलांच्या श्वासात ती धूळ सोडणं. गिऱ्हाईक घाईत असलं तरी ही चाचणी सोडू नका, असं तुम्ही ठणकावून सांगितलंत.

आरसा काढल्यावर भिंतीवर उरलेल्या मास्टिकच्या गोळ्याभोवती कटरने गोल रेघ मारून मगच तो उचकटायचा, ही तुमची युक्ती आता आम्ही प्रत्येक कामावर वापरतो. कागद त्या वर्तुळापुरताच जातो आणि सीलरही तेवढाच लागतो.

काकूंना नमस्कार सांगा. गुडघ्याची काळजी घ्या, शिडीवर आता आम्हाला चढू द्या.

आपली,
न्यू जर्सीची दुरुस्तीवाली मंडळी