मॅडम, मिनिट्समध्ये एक दुरुस्ती आहे

आदरणीय मॅडम,
सा. न. वि. वि.

तुमचं नाव घालत नाही. घातलं तर तुम्ही आधी शुद्धलेखनाच्या चुका काढाल, मग 'हे कशाला गं?' म्हणाल, आणि त्या दुसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. पण लिहायचं तर चारचौघांत, असं मनात आलं. मागच्या आठवड्यात ऑफिसात एक प्रकार झाला. घरी आल्यावर कपाटातली एमबीएची फाइल काढली, त्यातला तुमच्या अक्षरातला तो कागद हातात घेतला आणि कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते कळलंच नाही.

तुमच्या आधी सीएसआर, म्हणजे कंपन्यांची सामाजिक जबाबदारी, हा विषय आम्हाला दोघांनी शिकवला. शिकवला म्हणायचं म्हणून. पहिल्या सरांच्या एका स्लाइडवर गांधीजींची विश्वस्ताची कल्पना आणि पुढच्याच स्लाइडवर कंपनी कायदा 2013, कलम 135. ते कुठल्या कंपनीला लागू, तर नक्त मूल्य 500 कोटी, किंवा उलाढाल 1000 कोटी, किंवा निव्वळ नफा 5 कोटी. खर्च किती करायचा, तर मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के. 'पाच मार्काला येतं, पाठ करा.' केलं. साडेचार पडले. दुसऱ्या सरांनी आम्हाला 'प्रत्यक्ष सीएसआर' दाखवायला वृक्षारोपणाला नेलं. बॅनर बारा फुटी, रोपं वीतभर. फोटो झाले, नाश्ता झाला, आणि मग लक्षात आलं की पाणी घालायला कोणी बादलीच आणलेली नाही. त्या रोपांचं पुढे काय झालं ते विचारायची कोणाची टाप नव्हती, कारण अहवालात ती जगली होती.

मग तुम्ही आलात, हातात स्टीलचा डबा घेऊन. आम्हाला वाटलं मॅडमनी टिफिन आणलाय. आत चिठ्ठ्या होत्या. एमडी, सीएफओ म्हणजे पैशाचा प्रमुख, सीएसआर प्रमुख, स्वतंत्र संचालक म्हणजे मंडळावरचा बाहेरचा माणूस, सरपंच, बचत गटाच्या अध्यक्षा, वार्ताहर. तुम्ही म्हणालात, 'सहा आठवडे तुम्ही विद्यार्थी नाही. मला उत्तरं नकोत, कागद हवेत.' कंपनीला नावही दिलं नव्हतंत. कापड रंगवणारी एक प्रोसेस, नदीकाठी, तीन वर्षांचा नफा 6, 8 आणि 10 कोटी. म्हणजे सरासरी 8 आणि सीएसआरचे 16 लाख. शेजारच्या गावातल्या विहिरींना रंग उतरलेला. आणि संचालक मंडळापुढचा प्रस्ताव असा, की त्याच गावाला 12 लाखांचा आरओ प्लांट द्यायचा, उरलेल्या 4 लाखांत कंपनीचं नाव छापलेली दप्तरं वाटायची, आणि सगळं सीएसआरमध्ये दाखवायचं.

मॅडम, तुम्हाला तेव्हा माहीत नव्हतं की मी इचलकरंजीची आहे. काळ्या ओढ्याच्या अलीकडं आमचं घर. प्रोसेसचं पाणी म्हणजे काय, ते मला परिशिष्टात बघावं लागत नाही. 2012 ला गावात काविळीची साथ आली तेव्हा मी शाळेत होते. आई पाणी उकळून, गाळून, पुन्हा उकळायची, आणि गॅस संपला म्हणून वडील चिडायचे. असली पोर पुण्यातल्या त्या एसी वर्गात येऊन दीड वर्ष शेवटच्या बाकावर बसली होती, कारण तोंड उघडलं की 'ण' चा 'न' होतो.

आणि चिठ्ठीत मला आलं स्वतंत्र संचालक. वर्गातली मुलं म्हणाली, 'मॅडम, हिला सरपंच करा ना, शोभेल.' तुम्ही त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाहीत. डब्याचं झाकण लावलंत, एवढंच.

माझी पहिली नोट तुम्ही परत केलीत. त्यावर लाल पेनानं लिहिलेलं, 'हा निबंध आहे. संचालकाकडे दीड मिनिट आहे. काय मागताय ते पहिल्या ओळीत.' दुसरीही परत आली. तिसऱ्या वेळी मी कायदा नीट वाचला, पाचमार्की नव्हे, खरा. सीएसआरमध्ये काय काय चालतं त्याची कायद्यातली यादी म्हणजे अनुसूची सात; पिण्याचं सुरक्षित पाणी तिच्यात बसतं, हे खरंच. पण सांडपाणी शुद्ध करून सोडणं हे तर 1974 च्या जल कायद्याखाली कंपनीचं बंधनच. कायद्यानं जे करायलाच हवं त्याचा खर्च सीएसआरमध्ये धरता येत नाही, हे 2014 च्या सरकारी परिपत्रकात स्पष्ट आहे. मग स्वतः बिघडवलेलं पाणी शुद्ध करणारं यंत्र भेट द्यायचं, ते कुठल्या खात्यात? कागदावर बसतं, डोक्यात बसत नाही. या एका फटीवर मी तीन रात्री घालवल्या.

आणि मग ती बैठक. बाकं चौकोनात लावलेली. एमडी झालेला मुलगा झकास होता, घरचीच फॅक्टरी असल्यावर काय. तुम्ही स्वतःकडे कंपनी सेक्रेटरीचं काम घेतलं होतंत, म्हणजे एका कोपऱ्यात बसून मिनिट्स, बैठकीत कोण काय बोललं त्याची नोंद, लिहायच्या. प्रस्ताव वाचला गेला, माना डोलल्या, 'एकमतानं मंजूर' म्हणायचंच बाकी होतं. मी हात वर केला. आवाज फाटला. म्हणाले, 'पानी आपुनच घान करायचं आणि आपुनच गाळून द्यायचं, ह्याला दान कसं म्हनायचं?' नोटमधली सगळी भाषा कुठं गेली कोण जाणे. वर्ग हसला. वाईट मनानं नसेल, पण हसला.

तुम्ही हसला नाहीत, त्यांना रागावलाही नाहीत. रागावला असतात तर मी आणखी गाडली गेले असते. तुम्ही नुसतं पेन वर केलंत आणि कोरड्या, सेक्रेटरीच्या आवाजात म्हणालात, 'एक मिनिट. संचालकांची असहमती नोंदवायची आहे.' मग माझ्याकडे वळून, 'मॅडम, पुन्हा सांगाल का? सावकाश. मी लिहून घेतेय.' वर्ग गप्प. मी पुन्हा सांगितलं. तुम्ही लिहिलंत, मोठ्यानं वाचून दाखवलंत आणि विचारलंत, 'बरोबर लिहिलंय? काही दुरुस्ती?'

मी मान हलवली. दुरुस्ती नाही.

खेळातलंच होतं ते, मला कळतं. तुम्ही भूमिका करत होतात. पण तुम्ही मला 'मॅडम' म्हणालात आणि माझं वाक्य बरोबर उतरलं का ते मलाच विचारलंत. तोवर माझ्या बोलण्यात चूक काय आहे ते सगळ्यांनी सांगितलं होतं. लिहिणाऱ्याच्या हातून चूक होऊ शकते आणि ती काढायचा हक्क माझा, हे पहिल्यांदाच.

पहिल्यांदा म्हणतेय, पण तसं नाही. माझे वडील दुसऱ्याच्या कारखान्यात माग चालवायचे. पगार आठवड्याचा, विणलेल्या मीटरवर. तिथं एक म्हातारे मेहता, म्हणजे हिशेब लिहिणारे, होते. वहीत मीटर लिहून झाले की वही फिरवून कामगारापुढं करायचे, 'बघ रे, बरोबर हाय का.' वडिलांना वाचता यायचं जेमतेम, पण आकडा कळायचा. ते मेहता गेल्यावर जो आला तो वही कधी फिरवायचा नाही. मीटर फार कमी लिहायचा असंही नाही. वही फिरवायचा नाही, एवढंच. वडील वर्षभरात तो कारखाना सोडून दुसरीकडं गेले. आईला आजवर कारण पटलेलं नाही. मला त्या दिवशी वर्गात पटलं. वही फिरवणारी माणसं असतात अजून. बँकेत असतात, तलाठी कार्यालयातसुद्धा एखादं असतं. फार मोठं काही करत नाहीत ती.

पुढच्या आठवड्यात तुम्ही चिठ्ठ्या बदलल्यात आणि एमडीला सरपंच केलंत, तेही विसरले नाही. बचत गटाच्या अध्यक्षांनी त्याला विचारलं, गावातल्या बायका आता पाण्याला कुठवर जातात? त्याच्याकडे आकडा नव्हता. तास संपल्यावर माझ्याकडे आला आणि म्हणाला, 'तुमच्याकडं खरंच असं असतं का?' आम्ही आजही बोलतो. त्याच्या वडिलांच्या फॅक्टरीचं मात्र मी विचारत नाही.

तर मागच्या आठवड्याचं. मी आता एका कंपनीच्या सीएसआर विभागात आहे, कुठल्या ते राहू दे. आमच्या गेटपासून हायवेपर्यंतचा रस्ता ग्रामविकास म्हणून दाखवायचं चाललंय. रस्ता गावाचाही आहे, नाही असं नाही, पण त्यावर दिवसभर फिरतात ते ट्रक आमचे. बैठकीत मी तसं म्हणाले. 'बघू' झालं. मिनिट्स आल्या, त्यात माझं वाक्य नव्हतं. तासभर स्क्रीनकडे बघत बसले. मग दोन ओळींचा मेल लिहिला, काय मागतेय ते पहिल्या ओळीत: 'माझं म्हणणं नोंदवायचं राहून गेलं आहे, कृपया समाविष्ट करावं.' पाठवताना हात थरथरत होता. दुसऱ्या दिवशी सुधारित मिनिट्स आल्या. वाक्य आहे. रस्त्याचं काय होतंय ते अजून ठरायचंय, आणि माझं काय होतंय तेही.

म्हणून तो जुना कागद काढला. तुम्ही मला त्याची झेरॉक्स दिली होतीत, वर 'फाइलसाठी' असं लिहून. पाचव्या मुद्द्यात तुमच्या गोल अक्षरात माझं वाक्य आहे. तुम्ही विचारलं होतंत आणि मी घाबरून नाही म्हणाले होते, पण एक दुरुस्ती आहे, मॅडम. तुम्ही 'पाणी' लिहिलंय. मी 'पानी' म्हणाले होते.

तुमची,
स्वतंत्र संचालक