सुमे, ढगांचं काय करायचं ते तूच सांग

सुमे,

काकांना ऊन लागल्याचं दादाच्या मेसेजवरून कळलं, तुला फोन करायला धीर होईना म्हणून लिहितेय. माझी पाठ ठीक, गोळ्या चालू.

तू म्हणाली होतीस ना, तिकडचे गार ढग पाठव थोडे चंद्रपूरला. अगं इथे कॅलिफोर्नियात ढगांवरूनच राडा झाला! जवळच अलामीडाला 'हॉर्नेट' नावाची जुनी विमानवाहू नौका म्युझियम म्हणून उभी आहे, चंद्रावरून परतलेल्या अपोलो ११ वाल्यांना समुद्रातून उचललं ती. २०२४ च्या एप्रिलमध्ये युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनच्या लोकांनी तिच्या डेकवरून खाऱ्या पाण्याचे एकदम बारीक कण फवारले. असे कण समुद्रावरच्या ढगात गेले की थेंब बारीक आणि जास्त होतात, ढग आणखी पांढरा होतो नि ऊन वरच्या वर परतवतो. इथे तर ढगाला हातही लावायचा नव्हता, नुसता फवारा कसा पसरतो ते बघायचं होतं. पण गावाला आधी नीट सांगितलं नाही म्हणून लोक बिथरले, आणि तपासणीत धोका दिसला नाही तरी जूनमध्ये गावच्या कौन्सिलने एकमताने नको म्हटलं.

मी कौन्सिलला मनातल्या मनात शिव्या घातल्या, डोळ्यासमोर काकांची ती स्लॅबखालची खोली. आणि त्याच महिन्यात सॅन दिएगोच्या स्क्रिप्स संस्थेचा कॉम्प्युटर मॉडेलवरचा अभ्यास आला, की पॅसिफिकवर हे केलं तर आज अमेरिकेच्या पश्चिमेचं ऊन कमी होईल, पण २०५० च्या हवामानात तोच उपाय इथे लागू पडेलच असं नाही आणि वर युरोपात उकाडा वाढू शकतो.

आठवलं का २००३? सरकारने विमानातून कृत्रिम पाऊस पाडायला घेतला आणि तू मेसमध्ये ताट आपटलंस, आमच्या वाटचा पाऊस पळवतात म्हणून. मी तुला अडाणी म्हटलं, नंदाने दोघींची भाजी बंद केली. तेव्हा पाऊस कोणी पळवला नव्हता हे माझं अजूनही म्हणणं आहे, हरले नाहीये! पण समज उद्या कोणी म्हणालं चंद्रपूरचा मे सोसण्याजोगा करून देतो, फक्त लांबच्या कुठल्यातरी देशातला पाऊस हलेल, तर काकांसाठी मी हो म्हणेन गं, लाज सोडून म्हणेन. आणि तिकडची कोणी पोरगी तिच्या बापासाठी हो म्हणाली नि आपला पाऊस हलला तर? तिला कुठल्या तोंडाने अडवायचं?

तोवर गच्चीला ऊन परतवणारा पांढरा कूल रूफवाला रंग मारून घ्या, अहमदाबादेत वस्त्यांमधून मारलाय, त्याने कोणाचा पाऊस हलत नाही. पैसे मी पाठवते. दादा नको म्हणाला तर सांग, मेसची उधारी आहे.

तुझ्या बदलीचं काय झालं? चिनूची ॲडमिशन? उत्तर लिही, नुसता अंगठा पाठवू नकोस.

तुझी,
वैशू