पूर्वेची खोली

प्रिय आई-बाबा,

आधी बातमी सांगते, मग रागवा. तुमची खोली बदलली. पूर्वेकडची माझी खोली आता तुमची, आणि मी पश्चिमेकडे. फोनवर सांगणार होते, पण बाबा "हं" म्हणून फोन आईकडे देतात, म्हणून हे पत्र. दादाकडून परत याल तेव्हा सगळं लावलेलं असेल. आधी विचारलं असतं तर "तुझं कामाचं टेबल आहे तिथे, राहू दे" म्हणून विषय मिटवला असता. तसंही सकाळी माझ्या स्क्रीनवर उजेड यायचा, काही दिसायचं नाही. म्हणजे सोय माझीच झालीय.

बाबा, तुमची खुर्ची खिडकीशी आहे, रेडिओ हाताशी. रात्री उठलात तर दिवा डावीकडेच सापडेल. तेवढ्यासाठी पलंग दोनदा फिरवला. आई, तुझ्या बाजूला जाड पडदा लावलाय, तुझी झोप मोडणार नाही.

मला लहानपणी वाटायचं, दिवस लहान झाले की सगळ्यांचेच बाबा दुपारपर्यंत पांघरूण घेऊन पडतात. मी दाराबाहेर बसून तुमच्या बुटांच्या नाड्या बांधायची, सोडायची, परत बांधायची. आई म्हणायची, "दमलेत ते." बाबा, तुम्हाला लागावं म्हणून नाही लिहीत. वर्गात सगळ्यांच्या आधी नाड्या बांधता यायच्या मला.

मिलानमधल्या एका रुग्णालयाचा २००१ सालचा अभ्यास वाचला. बाबांसारखाच बायपोलर, म्हणजे कधी खोल उदासी तर कधी अति उत्साह असा आजार असलेले, नैराश्यात दाखल झालेले रुग्ण. पूर्वेकडच्या खोल्यांतले पश्चिमेकडच्यांपेक्षा सरासरी ३.६७ दिवस आधी घरी गेले. खिडकीची दिशा तेवढी वेगळी! एका अभ्यासावर घर हलवायचं का, असं दादा म्हणालाच. पण डोळ्याच्या पडद्यात अशा पेशी असतात ज्या मेंदूतल्या घड्याळाला उजेड किती ते कळवतात, आणि ते घड्याळ वेळेवर ठेवायला सकाळचा उजेड लागतो. त्यात वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळट होतं, आत उजेड कमी पोचतो. मग आहे तो तरी नीट मिळू दे की.

दादाला तो दहा हजार लक्सचा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) दिवा आणायचा होता. १९८४ मध्ये हंगामी नैराश्याला नाव मिळालं तेव्हापासून प्रकाशाचा उपचार चालत आलाय. पण बाबांचं दुखणं दोन टोकांचं. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले की अशा दिव्याने मन एकदम दुसऱ्या टोकाला जाऊ शकतं, आपल्या मनाने नको. म्हणून दिवा नाही, खिडकी. आणि ढग असले तरी सकाळी बाहेर फेरी मारायचीच. घरातल्या दिव्याखाली काहीशे लक्स मिळतात, बाहेर ढगाळ हवेतही हजारोंनी.

आई, आता तुला. थंडी सरली की आपण हुश्श करतो, तिथेच चुकतो. दिवस मोठे व्हायला लागतात तेव्हाच बाबांची झोप उडते. त्या वर्षी "किती खुशीत आहेत" म्हणत आपण सगळे बघत बसलो होतो, मीसुद्धा. म्हणून कॅलेंडरवर रोज झोपेचे तास लिही. सलग दोन रात्री पाचच्या खाली गेले की मला सांग, मी डॉक्टरांना फोन करीन. "बघू उद्या" नाही. बाबांसमोरच लिही, लपवून नको.

लिथियमची गोळी चुकवायची नाही. उकाड्यात पाणी भरपूर प्यायचं, शरीर सुकलं की रक्तात लिथियम नको इतकं वाढतं. जेवणातलं मीठ एकदम तोडायचं नाही. आणि बाबा, गुडघ्यासाठी आयबुप्रोफेन परस्पर घ्यायची नाही, तिनेही तेच होतं. बरं वाटायला लागलं म्हणून गोळी बंद, हे तर अजिबात चालणार नाही. ओरडत नाहीये. थोडी ओरडतेय.

एक गोष्ट मात्र हलवता आली नाही. जुन्या खोलीच्या दारामागच्या, दादाच्या आणि माझ्या उंचीच्या पेन्सिलीच्या रेघा. रंगवायला आलेल्या माणसाला तेवढी पट्टी सोडायला सांगितलंय. बघाव्याशा वाटल्या तर दार न वाजवता आत या.

तुमची,
चिमी