मंत्रिमहोदय, आमच्या खांबावरची पेटी कुठं गेली?

माननीय मंत्रिमहोदय,
स. न. वि. वि.

आपल्या खात्याच्या नावात ‘वातावरणीय बदल’ हे शब्द आहेत, म्हणून हे पत्र आपल्याला.

गेल्या उन्हाळ्यात सांगलीच्या गावभागातल्या आमच्या बोळात गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली माणसं आली. खांबावर तापमान मोजणारी पांढरी पेटी लावली. नोंदी घेऊ, उन्हाच्या झळांपासून माणसं वाचवायचा शहराचा उष्णता आराखडा करू, पत्र्याच्या घरांना पांढरा रंग देऊ, असं सांगून, चहा पिऊन गेली. परवा बघते तर पेटी गायब, तिथं कुणा दादांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स. चौकशीला गेले तर खिडकीतल्या माणसानं मान वर न करता सांगितलं, “प्रकल्पाची मुदत संपली.” उन्हाळ्याची नाही संपली, साहेब.

मी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा खालच्या खोलीतलं मशीन, गिऱ्हाइकांच्या साड्या, सगळं बुडालं. ओल अजून हटत नाही, म्हणून मशीन माडीवर नेलं. माडीवर पत्रा. या एप्रिलात रात्री अकराला आत ३७ अंश. विकतचं थर्मामीटर आणून मीच बघितलंय. घामाचा डाग कापडावर पडला की भरपाई माझ्या खिशातून. मागच्या आठवड्यात सासूबाई पहाटे जिन्यात भोवळ येऊन पडल्या. डॉक्टर म्हणाले, थंड जागी ठेवा. ती कुठल्या मेडिकलात मिळते?

हवामानाची अधिकृत नोंद मोकळ्या जागी, सावलीच्या पेटीत घेतात. शास्त्राला धरूनच असेल. पण आमच्याकडे सिमेंटचा रस्ता, चिकटून भिंती, समोरच्या दुकानाच्या एसीचा झोत. दिवसभर तापलेलं हे सगळं ती ऊब रात्री आमच्या अंगावर सोडतं. दुपारचा पारा पेपरात येतो, रात्रीचा कोण छापतं? अंगाला सावरायला तर रात्रच असते ना? पुराचं पाणी फुटा-इंचात मोजता, मग बोळातली रात्र मोजायला काय अडतं?

अहमदाबादनं २०१३ मध्ये उष्णता आराखडा केला, मुंबईचा वातावरण कृती आराखडा २०२२ मध्ये आला. आम्ही सांगली-मिरज-कुपवाड मिळून पाच लाख. मोठ्यांत बसत नाही, खेड्यात मोजत नाहीत. तज्ज्ञ पुण्यात, निधी मुंबईत, घाम सांगलीत! पुरावर वडनेरे समिती बसली, २०२० मध्ये अहवाल आला, २०२१ ला पाणी पुन्हा दारात. हवा स्वच्छ करायच्या केंद्राच्या यादीत सांगलीचं नाव आहे, आणि धूळ आहे तिथंच आहे. २०२० पासून सरकारच्या ‘माझी वसुंधरा’ या पर्यावरण मोहिमेच्या शपथा चालू आहेत. आमच्या भागातली निम्मी झाडं तरी गेली असतील. मी मोजली नाहीत, पण तुमच्याकडं तरी हिशेब आहे का? शपथांचा असेल. अहवाल, समिती, फोटो. आणि मत मागायला मात्र बोळ बरोबर सापडतो.

पेटी परत लावा. आजवरच्या नोंदी प्रभागातल्या फळ्यावर लिहा, आम्हाला वाचता येतं. पत्र्याच्या रंगाचे डबे तेवढे द्या, रंग आम्ही मारून घेऊ.

उत्तर टपालानं धाडावं. ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे’ हा मेसेज मोबाइलवर आधीच येऊन पडलाय.

आपली,
गावभागातली एक शिवणकामवाली